मिठाच्या पुडीवर तारीख लिहा

प्रश्न : आमच्या आप्पांचं (सासऱ्यांचं) बीपी १६०/१०० च्या आसपास असतं. त्यांच्यासाठी बिनमिठाची भाजी वेगळी काढून ठेवते. दोन घास खातात नि ताट सरकवतात. पापड मात्र मागून घेतात. काय करू? – एक सूनबाई, अमळनेर

ताई, आधी ती वेगळी भाजी बंद करा. घरच्यांच्या ताटात शेवभाजी आणि आप्पांच्या ताटात अळणी दोडका, याला पथ्य नाही, शिक्षा म्हणतात. यात निम्मी चूक आम्हा डॉक्टरांची. दोन मिनिटांत ‘मीठ कमी करा’ म्हणून मोकळे होतो. सांगतो आप्पांना, आणि मिठाचा डबा असतो तुमच्या हातात.

एक हिशोब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जावं, म्हणजे सपाट चमचाभर. घरात पाच माणसं असतील तर किलोची पुडी ४० दिवस तरी पुरली पाहिजे. पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका. वीस दिवसांत संपली, तर माणशी १० ग्रॅम झालं. शिवाय गच्चीवर वाळवलेले बिबडे, कुरडया, बरणीतलं लोणचं नि दुकानची शेव यांतलं बरंचसं मीठ या पुडीत धरलेलंच नाही. पापडात तर मिठावर पापडखार, तोही सोडियमच. भाजला काय नि तळला काय, सोडियम तेवढंच. बट्टीत सोडा घालत असाल तर त्यालाही हेच लागू.

आता सगळ्यांच्याच पातेल्यात आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करा. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, एकदम तोडलं की ती बंड करते. सुरुवात भरितापासून करा. कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर एवढं सगळं असताना मीठ कमी पडल्याचं चटकन कळत नाही. आणि पापड? आठवड्यातून एक द्या. अगदीच बंद केलात तर आप्पा शेजारी जाऊन खातील.

प्रश्न : माझा केळीचा बाग आहे. दिवसभर शेतात असतो, तरी डॉक्टर म्हणतात चाला. गावात हात हलवत फिरलो तर लोक हसतात. आणि केळी चालतात का? – एक शेतकरी, चोपडा तालुका

भाऊ, शेतात असणं आणि शेतात राबणं यांत फरक आहे. मोटारसायकलने बांधावर, मोटार मोबाइलवर चालू, निंदणी मजुरांकडे, मग घाम कधी येणार? स्वतः कुदळ मारत असाल तर मी काही म्हणणार नाही. नसाल, तर गाडी घरी ठेवून शेतात पायी जा. अर्धा तास भरभर, आठवड्यातून पाच दिवस. शेतात निघालेल्या माणसाला कोणी हसत नाही. मे महिन्यात मात्र ऊन तापायच्या आत.

केळी खुशाल खा, त्यातलं पोटॅशियम बीपीला चांगलंच. फक्त किडनीचा त्रास असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सैंधव मीठ वापरलं तर चालेल ना? – भुसावळ

नाही. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच, फक्त महाग.

प्रश्न : बीपी नॉर्मल आलं म्हणून मी गोळी सोडली. पथ्यही सुटलं. तीन महिने झाले, काहीच त्रास नाही. तरी पुन्हा तपासायचं? – यावल

नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून. हा आजार दुखत नाही, तिथेच सगळा घोटाळा आहे. मुतखडा झालेल्या माणसाला पाणी पी म्हणून दोनदा सांगावं लागत नाही. बीपीवाला मात्र समोर बसून विचारतो, ‘माले काय व्हयेल शे, डाक्टर?’ आणि तोवर आत हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या नि किडनी झिजत असतात. न दुखणाऱ्या आजारासाठी रोज जीभ मारायची, हे अवघड आहे, मला मान्य आहे. म्हणूनच त्रासाकडे नको, आकड्याकडे बघायचं.

तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. घरी मशीन असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या पातळीवर. आकडे वहीत लिहून न्या. गोळ्यांची पाकिटंही न्या, अर्धवट उरलेली सुद्धा.