वाचकांचे प्रश्न : शक्तिमान ट्रक कसा जपावा?

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात लष्कराचा जुना शक्तिमान ट्रक उघड्यावर उभा आहे. तो कसा टिकवावा? स्थानिक कारखान्यांची मदत घेता येईल का?

उत्तर : जर्मनीच्या ‘मान’ (MAN) कंपनीच्या परवान्याने जबलपूरला बनलेला हा ट्रक लष्कराच्या रसदीचा कणा होता. आधी वर शेड घाला. दोन्ही अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा, नाहीतर टायर एका जागी चपटे होऊन चिरतात. बॅटरी, डिझेल, रेडिएटरचं पाणी काढा. साचलेल्या पाण्याने आतून गंज धरतो. सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने रंग आणि गंज खरवडणं) मात्र मुळीच नको! जुन्या रंगाखालचे युनिटचे क्रमांक आणि खुणा पुसल्या जातात, तोच तर खरा इतिहास. कारखान्याकडे पैशांपेक्षा काम मागा: रबर सील, हरवलेल्या भागाचं कास्टिंग (ओतकाम). नव्या भागावर तारीख कोरा, जुना तुकडा लेबल लावून ठेवा.