फडकं उचलून बघू नका

काचेने कुत्रीचा पंजा कापला, फडकं दाबलं, पण दर थोड्या वेळाने उचलून बघितलं तर रक्त चालूच, असं तुम्ही लिहिलंय. खरी गोम त्या उचलून बघण्यातच आहे. जेमतेम धरू लागलेली गुठळी फडक्याबरोबर निघून येते. घड्याळ लावून निदान 5 मिनिटं दाबून धरा. भिजलं तर त्यावरच दुसरं फडकं ठेवा. काच खोल रुतलेली असेल तर उपटू नका, डॉक्टर काढतील.

त्याआधी तोंडाचा बंदोबस्त. माझ्या मनगटावर आमच्या म्हाताऱ्या, गरीब स्वभावाच्या कुत्र्याच्या दातांची खूण आहे. त्याचा पाय दुखावला होता आणि मी मायेने थेट उचलायला गेलो. कळ आली की मालक-बिलक कोणी नसतं. बँडेजची पट्टी नाकाडाभोवती गुंडाळून कानांमागे गाठ मारा. मात्र उलट्या होत असतील किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही.

एक गोष्ट आजच करा, कुत्री शांतपणे झोपलेली असताना. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका 2 सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. तिचा नेहमीचा रंग डोळ्यांत बसला की संकटात फरक लगेच कळतो. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा निळसर दिसल्या की घरगुती उपाय बंद, थेट दवाखाना. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळात काळ्या असतात, तिथे खालच्या पापणीची आतली बाजू बघा.)

फिट आली तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका, आजूबाजूचं सामान सरकवा आणि वेळ मोजा. 5 मिनिटांच्या वर गेली तर वाट बघायची नाही. विषारी काही खाल्लं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, मिठाचीच बाधा होते. वेष्टण सोबत घेऊन निघा. आपल्या गोळ्या तर अजिबात नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

मांजराचा विषय निघालाच आहे तर, तुमच्याकडे बोकाही आहे म्हणालात. तो सारखा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं, तर बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका. लघवी तुंबलेली असू शकते. त्याच रात्री न्या.