कुठल्याही द्रावणात 5 टक्के म्हणजे 5 टक्केच, नाही का?

नाही रे. प्रयोगशाळेतल्या पहिल्या महिन्यात बहुतेक जण इथेच घसरतात, वाईट वाटून घेऊ नकोस. समज, समोर दोन बाटल्या आहेत: 5 टक्के मीठ आणि 5 टक्के कॉस्टिक सोडा. दोन्हीकडे 100 मिलीत 5 ग्रॅम. पण मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या, डझनासारखी; मिठाचा एक मोल 58.5 ग्रॅमचा, सोड्याचा 40 ग्रॅमचा. लिटरला मीठ पडलं 0.85 मोल, सोडा 1.25. म्हणजे जवळपास दीडपट! म्हणून आधी दोन्ही आकडे मोल प्रति लिटरमध्ये आण, मगच तुलना कर.

सध्या एवढंच सांभाळ:

- लेबलवरचे टक्के वजनाचे की आकारमानाचे, ते बघ. 37 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वजनाने असतं, घनता 1.18 धरली की ते 12 मोलरच्या (लिटरला 12 मोल) आसपास जातं.
- लिटरभर पाण्यात पदार्थ ओतू नकोस. थोड्या पाण्यात विरघळव, मग फ्लास्कच्या खुणेपर्यंत भर.
- मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) निळ्या खड्यांत पाणी असतं. एका मोलचं वजन 159.6 ग्रॅम नाही, 249.7 धर. मी एकदा पूर्ण दुपार यात घालवली आहे.

आणि 'तीव्र' (पाण्यात पूर्ण आयन देणारं आम्ल) म्हणजे 'संहत' (लिटरला जास्त मोल असलेलं) नव्हे. 1 मोलर ॲसेटिक आम्लाचा सामू (pH; जितका कमी, तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी) साधारण 2.4, तर दहापट विरल अशा 0.1 मोलर हायड्रोक्लोरिकचा 1.

नॉर्मॅलिटी, मोलॅलिटी ही संहती मोजायची इतर मापं राहू देत सध्या. हे हाताला बसलं की विचार.