वाचकांचे प्रश्न : उमेदवारीची सात वर्षे

प्रश्न : इंग्लंडमध्ये कारागिराकडे शिकणाऱ्या मुलाला पगार मिळे का? आपल्याकडे अशा शिकाऊ मुलांसाठी कायदा होता का?

उत्तर : बहुधा नाही, उलट चांगल्या धंद्यात मुलाला घालताना वडिलांनाच मालकाकडे रक्कम भरावी लागे. १५६३ च्या कायद्याने किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली आणि तेवढा काळ मुलगा सहसा मालकाच्याच घरी राही. लंडनच्या करारनाम्यांत बजावलेले असे, की पत्ते-फासे खेळायचे नाहीत, गुत्त्यात जायचे नाही, मुदतीत लग्न करायचे नाही.

अनाथ व गरीब मुलांची कथा निराळी, आणि माझ्या मते या इतिहासाचा हाच भाग सर्वांत दुखरा आहे. गावचे अधिकारी त्यांना परस्पर मालकाकडे कराराने बांधून देत; पुढे त्यांतली कितीतरी मुले कापडगिरण्यांत गेली, जिथे हुन्नर फारसा हाती लागत नसे, नुसती मजुरी पदरी पडे, आणि त्यांचे काम दिवसाला बारा तासांवर आणण्यासाठी १८०२ मध्ये कायदा करावा लागला. सात वर्षांची सक्ती १८१४ मध्ये उठली.

भारतात १८५० च्या कायद्याने, विशेषतः अनाथ मुलांना धंदा शिकता यावा म्हणून, दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त सात वर्षांसाठी करारबद्ध करण्याची मुभा दिली. मुलीचा करार मात्र तिच्या लग्नापलीकडे चालत नसे.