पिल्लासाठी पाकिटातलं खाणं घेताना काय पाहावं?

पाकिटावरचं गुबगुबीत कुत्रं पाहू नका, मागची घटकांची यादी वाचा. जो घटक वजनानं जास्त, तो आधी लिहिलेला असतो. पहिलाच मका किंवा गहू दिसला तर तुम्ही महागडं पीठच घेताय. कोरड्या वजनात, म्हणजे खाण्यातलं पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रथिनं लागतात, पिल्लाला २२.५.

आमच्याकडे यवतमाळच्या खेड्यांत बाजाराच्या दिवशी सुटं, किलोवर मिळतं. ते नकोच. ना तारीख कळते, ना आपल्या उन्हाळ्यात त्यातली चरबी टिकते, खवट होते.

परवडत नसेल तर ज्वारीची भाकर, उकडलेलं अंडं, बिनहाडाचं चिकन द्या. पण नुसत्या त्यावर वाढत्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतं, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि सावजी रस्सा लाडानंही नको, कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.