‘ड्रॅगन एज’ या व्हिडिओ गेम मालिकेतले डेलिश एल्फ (टोकदार कानांच्या, माणसांसारख्या एल्फ जमातीतले भटके) माणसांवर इतका संशय का घेतात? गेमने त्यांना न्याय दिलाय का?

पहिल्या गेमने दिलाय. तिसऱ्याबद्दल माझी तक्रार आहे. (पुढे कथानक फुटतं, खेळायचं असेल तर इथेच थांबा.)

पहिला गेम ‘ओरिजिन्स’ (2009) मी आधी माणूस म्हणून खेळले. डेलिशांच्या तळाशी पोचले तर मिथ्रा नावाची शिकारीण वाट अडवून उलटतपासणी घेते. म्हटलं, काय आगाऊ आहे ही! मग दुसऱ्यांदा डेलिश होऊन खेळले. सुरुवातीलाच जंगलात तीन माणसं हाती लागतात, सोबती टॅमलेनचं धनुष्य ताणलेलं, आणि काय करायचं ते तुम्ही सांगायचं. मी सोडून दिलं. नंतर उगाच धाकधूक, आता हे गाव गोळा करून आणतील का? तेव्हा मिथ्रा कळली.

त्यांचा इतिहासच तसा आहे. आधी टेव्हिंटर या माणसांच्या साम्राज्याची गुलामी. त्या साम्राज्याविरुद्ध अँड्रास्टे या माणसांच्या प्रेषित स्त्रीने केलेल्या बंडात साथ दिली म्हणून डेल्स हा मुलूख मिळाला, तोही पुढे चँट्रीने, म्हणजे माणसांच्या धर्मपीठाने, धर्मयुद्ध पुकारून हिसकावला. मग एकतर माणसांचा देव मानून शहरातल्या कोंडवाड्यासारख्या वस्तीत राहा, नाहीतर भटका. जे भटकले ते डेलिश. पुन्हा कुणापुढे मान तुकवणार नाही, ही त्यांची शपथ.

मी ग्वाल्हेरची. आमच्याकडे रस्त्याकडेला गाडिया लोहारांच्या गाड्या लागायच्या. 1568मध्ये चितोड पडलं तेव्हा घर बांधणार नाही, खाटेवर झोपणार नाही अशी पूर्वजांनी शपथ घेतली, असं ते सांगतात. म्हणून गाडीवर खाट उलटी. 1955मध्ये नेहरू त्यांना समारंभाने चितोडगडावर घेऊन गेले, तरी गाड्या काही थांबल्या नाहीत. आजी चिमटा, खुरपं त्यांच्याकडूनच घ्यायची, आणि घरी येऊन म्हणायची, “गाडीवाले आलेत, अंगणातली भांडी आत घ्या गं.” तिकडे ती लोहारीणही पैसे हातात पडेपर्यंत चिमट्याचं दुसरं टोक सोडायची नाही. डेलिशांच्या अरावेल गाड्या पाहिल्या की मला तो चिमटा आठवतो.

पहिल्या गेमची खरी कमाई म्हणजे झाथ्रियन, एका डेलिश टोळीचा कीपर, म्हणजे म्होरक्या. माणसांनी त्याच्या मुलाला मारलं, मुलीवर अत्याचार केला. त्याने शाप दिला आणि माणसांचे लांडगे झाले. अपराधी केव्हाच मेले, शाप चालूच राहिला, आणि आता त्याच लांडग्यांच्या चाव्याने त्याच्याच टोळीचे शिकारी तळावर तडफडतायत. तरी हा म्हातारा हटत नाही. त्याचा राग खोटा वाटत नाही आणि हट्ट पटत नाही. दोन्ही एकदम दाखवणं सोपं नव्हे. मनधरणी केली तर स्वतःचा जीव देऊन शाप सोडवतो. फक्त मला एवढंच खटकतं, की माफ करायची पाळी दरवेळी सोसणाऱ्यावरच का?

तिसऱ्या गेममध्ये, ‘इन्क्विझिशन’मध्ये (2014), तर हद्द झाली. चेहऱ्यावरच्या ज्या गोंदणाचा डेलिशांना अभिमान, ती प्राचीन एल्फ सरदारांच्या गुलामांची खूण होती, असं कळतं. धक्का उत्तम आहे. पण सांगणारा कोण, तर डेलिशांना अडाणी समजणारा सोलास, नायकाच्या सोबत्यांतला एल्फ जादूगार! टोळीतल्या एखाद्या कीपरला त्यावर चार शब्द बोलू द्यायचे होते.

सोलासच्या प्रेमात पडलेल्या एल्फ नायिकेला तो विचारतो, पुसून टाकू का गोंदण? माझ्या नायिकेने, लवेलनने, नको म्हटलं. मग तो सोडून गेला. अर्थात हो म्हटलं असतं तरी जाणारच होता.