‘मूनचाइल्ड’ पुढे ढकलू का?

प्रश्न : कॉलेजात असताना मित्राकडून ‘किंग क्रिम्झन’ या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला होता. एका बाजूला अख्खा मावला होता. परवा मुलीने तो चांगल्या स्पीकरवर लावून दिला. पहिलं गाणं तस्संच अंगावर आलं, पण शब्द जडजंबाल वाटले आणि ‘मूनचाइल्ड’ संपता संपेना. माझं वय झालं की अल्बमचं? आणि नव्या मिक्सची, म्हणजे नव्याने केलेल्या ध्वनिमिश्रणाची, आवृत्ती घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शब्दांवरून तुमच्याशी भांडणार नाही. गीतकार पीटर सिनफील्डची ती काळी राणी, तो पिवळा विदूषक विशीत गहन वाटतात, नंतर त्यांचा भरजरीपणा टोचायला लागतो. पहिलं गाणं, ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’, मात्र यातून सुटतं. 1969 साल, व्हिएतनाम डोळ्यांसमोर, गाण्यात थेट नापाम बॉम्बची आग. शिवाय गायक ग्रेग लेकचा आवाज मुद्दाम असा चिरकवलाय की शब्द मिरवायला जागाच उरत नाही.

आता शब्द बाजूला ठेवा आणि मायकेल जाइल्सचे ड्रम ऐका. भरून घेतलेल्या कॅसेटवर ते हमखास दबायचे. पहिल्याच गाण्याच्या मध्यात गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम धावता धावता एकदम थांबतात, पुन्हा एकदम सुटतात. एकाचाही पाय मागेपुढे पडत नाही. गिटारवाला रॉबर्ट फ्रिप तेव्हा 23 वर्षांचा होता, लेक 21चा. आधीच्या निर्मात्याबरोबरचं काम जमेना, तेव्हा पोरांनी निर्मितीही स्वतःच केली!

‘एपिटाफ’मधला व्हायोलिनांचा ताफा म्हणजे मेलोट्रॉन. पेटीसारख्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली वाद्याचा खरा सूर भरलेली टेप. पट्टी दाबली की टेप चालते, आठेक सेकंदांत संपते, सोडली की मागे जाते. म्हणजे सूर हवा तितका धरून ठेवायची सोयच नाही. इयन मॅक्डोनल्डने अशा अडेलतट्टू यंत्रातून तेवढं दुःख काढलंय, हे कळल्यावर मला ते गाणं जास्त आवडायला लागलं.

राहिलं ‘मूनचाइल्ड’. बारा मिनिटांतलं गाणं म्हणावं असं पहिल्या अडीचेक मिनिटांतच उरकतं. पुढे व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य), गिटार आणि ड्रम यांची हलक्या हाताने चाललेली उत्स्फूर्त कुजबुज. (कॉलेजात तुम्ही हे फास्ट फॉरवर्ड करत असणार, खरं सांगा.) लांबलंय, यात वादच नाही. पण त्या सामसुमीनंतर शीर्षकगीताचा पहिला ठोका पडतो तेव्हा खोली भरून जाते. 2009 साली स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने मूळ मल्टिट्रॅक (वाद्यं वेगवेगळी भरलेल्या) टेपांवरून नवं मिक्स केलं, त्यात ‘मूनचाइल्ड’ जवळपास तीन मिनिटांनी छाटलं. वाद्यं फार स्वच्छ सुटी झाली आहेत, पण माझ्या कानाला तो ठोका तिथे थोडा लवकर पडतो. म्हणून आधी जुनं मिक्स घ्या. चटक लागली तर 2009चं घ्या. पूर्ण लांबीचं ‘मूनचाइल्ड’ त्यात जोडीला दिलेलं आहे.

शेवटचं गाणं, म्हणजे हेच शीर्षकगीत, संपल्यासारखं वाटेल, पण उठू नका. एक छोटीशी धून येते आणि अख्खी पलटण परत उभी राहते. आणि ‘मूनचाइल्ड’ नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवून ठेवू नका, नाहीतर पुढच्या गाण्याला शेजारी दारात येतील.